न पाहिलेले घर आणि ‘आपल्या लोकांची वस्ती’

शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत पाट्या फार वाढल्या आहेत. ‘निसर्गाच्या कुशीत प्लॉट’, ‘समृद्धीपासून दहा मिनिटे’, ‘सुलभ हप्ते, बिनव्याजी’. याच जमिनींच्या जाहिराती फोनवर येतात तेव्हा त्यात आणखी एक ओळ असते : मशिदीसाठी जागा राखीव, आपल्याच लोकांची कॉलनी. ही ओळ रस्त्यावरच्या पाटीवर नसते. ती कुवेत, रियाध, दोहा, दुबई येथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी आणि मुंब्रा-भिवंडीच्या दोन खोल्यांत राहून गावाकडे मोकळ्या हवेचे घर शोधणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिलेली असते.

या एका ओळीवर सौदे होतात. जागा न पाहता, सातबारा न वाचता, एका व्हिडिओवर आणि ‘आपला माणूस आहे’ एवढ्या भरवशावर दहा-पंधरा वर्षांची कमाई पाठवली जाते. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी हे सांगितले पाहिजे की आपल्या लोकांत राहावे ही इच्छा काही वेडेपणाची नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती स्वस्त घरासाठी जेवढी गेली तेवढीच रात्री निर्धास्त झोप यावी म्हणून गेली. आजही शहरांत आडनाव ऐकून ‘फ्लॅट कालच गेला’ असे उत्तर मिळते. ज्याने ते ऐकले आहे त्याला ‘आपली वस्ती’ या शब्दांची किंमत आम्ही सांगायला नको. अजान कानावर पडावी, मुलांना मकतब जवळ असावे, ईदला दार उघडले की समोरून कोणीतरी गळाभेट घ्यावी, हे सगळे घराच्या किमतीतच धरायला हवे.

पण विकणाऱ्यालाही ही किंमत ठाऊक आहे. आणि सुरक्षिततेचा विचार ‘शेजारी कोण’ या एका प्रश्नावर थांबला की बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. बांधकाम बेकायदा होते, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेले होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत खाली आली, १६ जण दगावले. ती काही जुनीपुराणी चाळ नव्हती. जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची इमारत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात भिवंडीला जिलानी इमारत पडली. तिन्ही ठिकाणी शेजार आपलाच होता. खांबात सिमेंट किती, परवानगी कोणाची, पाया कसला, हे मात्र शेजारावरून कळत नाही.

याच्या उलट एक गोष्ट अमेरिकेतली. तिकडे गेलेली आपली मराठी कुटुंबे घर शोधताना दलालाला सहज विचारतात, ‘वस्ती कशी आहे? लोक कोण आहेत?’ आणि दलाल उत्तर द्यायचे टाळतो. तिथे १९६८ च्या कायद्याने वंश-धर्म पाहून गिऱ्हाईक अमुक वस्तीकडे वळवणे बेकायदा ठरवले आहे. तो म्हणतो, आकडे पोलिसांकडे पाहा, शाळा स्वतः पाहा, संध्याकाळी चक्कर मारा. आपल्याकडे दलाल त्याच विषयापासून सुरुवात करतो, आणि आपण तिथेच समाधानी होतो.

न पाहता घेण्याचा प्रश्न आपल्या फुकहांपुढेही आला होता. हनफी मसलकात न पाहिलेल्या वस्तूचा सौदा होतो, पण वस्तू पाहिल्यावर तो मोडण्याचा हक्क खरेदीदाराकडे राहतो. याला ‘खियार-ए-रुयत’ म्हणतात. शाफई मसलकातला प्रचलित कौल याहून कडक आहे : जी वस्तू पाहिलीच नाही तिची विक्रीच दुरुस्त नाही. आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, तरी परदेशातून न पाहता जमीन घेण्यात तेच पुढे आहेत, हा भाग वेगळा.

यातली खरी मौज पुढे आहे. घराच्या बाबतीत काय पाहिले म्हणजे ‘पाहिले’ धरायचे? सुरुवातीच्या हनफी इमामांचे म्हणणे असे की अंगण पाहिले तरी पुरे; कारण त्यांच्या काळच्या शहरात घरांची ठेवण सारखीच असे. इमाम जुफर यांचे मत वेगळे होते. ते म्हणत, खोल्या आतून पाहिल्याशिवाय घर पाहिले असे होत नाही. पुढे घराघरांत फरक पडत गेला तेव्हा फतवा जुफर यांच्या मतावर दिला जाऊ लागला. बाराशे वर्षांपूर्वीचा हा वाद फोनवरच्या व्हिडिओला तंतोतंत लागू पडतो. व्हिडिओ म्हणजे अंगण. कॅमेरा जिकडे वळत नाही तिकडेच बहुधा पाहण्यासारखे असते.

मात्र एक लक्षात ठेवा. आपल्या देशाच्या कायद्यात असा ‘पाहिल्यावर परत’ हक्क नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्यावर एवढेच बंधन घालतो की साध्या चौकशीने खरेदीदाराला कळू शकणार नाही असा दोष त्याने सांगावा. जो दोष तुम्हाला एका फेरीत दिसला असता, त्याबद्दल न्यायालय तुम्हालाच विचारील की पाहिले का नाही.

आता आपल्या घरांतली एक अडचण, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बरीच दीनदार कुटुंबे व्याजामुळे बँकेचे कर्ज घेत नाहीत. अल्लाह त्यांना त्याचा अज्र देवो. पण बँक कर्ज देते तेव्हा ती स्वतःच्या पैशाच्या भीतीने वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचे दस्त तपासून घेते, मूल्यांकन करणारा माणूस जागेवर पाठवते, मंजूर नकाशा मागते. कर्ज न घेणाऱ्याकडून ही सगळी तपासणी आपोआप सुटते. ‘बिनव्याजी हप्ता’ देणारा विक्रेता नेमका याच गिऱ्हाइकाला शोधत असतो. तेव्हा व्याज वाचले त्या रकमेतला एक छोटा तुकडा वकिलाच्या शोध अहवालावर खर्च करावा. वकील आपला निवडावा. विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. हप्त्यांबाबत कायद्याचे एक कलम पाठच करून ठेवावे : रेराखाली येणाऱ्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासक किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. अर्धे पैसे भरून हातात नुसत्या पावत्या असतील तर गडबड आहे.

महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठांपेक्षा अधिक सदनिका असतील तर नोंदणी लागते आणि प्लॉट पाडून विकण्यालाही ती लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान रियाधमध्ये बसूनही उघडता येते. पण क्रमांक दिसला म्हणजे झाले, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा क्रमांक मिळवल्याचे उघडकीला आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणाऱ्यांनी रेरा क्रमांक पाहिला होता. काहींना बँकेचे कर्जसुद्धा मिळाले होते. परवानगीचा कागद ज्या कार्यालयाने दिला म्हणतात त्याच कार्यालयात जाऊन ‘हा जावक क्रमांक तुमचा आहे का’ एवढे कोणी विचारले असते तर चित्र वेगळे असते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

शहापूर-मुरबाडच्या जमिनींना तर आणखी काही गाठी आहेत, ज्या मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटला नसतात. म्हणून इकडे जरा थांबू.

शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडमधली काही गावेही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जमिनी इथे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. मग वाटा शोधल्या जातात : नोटरीपुढचे साठेखत, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, कोऱ्या कागदावरचा अंगठा. यातल्या कशानेही मालकी येत नाही, आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. पैसे बुडतात ते वेगळेच. पण ज्याला वाचता येत नाही अशा माणसाची जमीन अशा वाटेने घेणे हा गसब आहे. बित्तभर जमीन नाहक बळकावणाऱ्याबद्दल हदीसमध्ये जो इशारा आहे तो आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकलेला आहे.

दुसरी गाठ शेतजमिनीची. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. आमच्याकडे विचारायला येणारे बरेच जण म्हणतात, ‘सर, आमची रत्नागिरीला बागायत आहे, सातबाऱ्यावर नाव आहे.’ ठीक, तुम्ही शेतकरी आहात. पण मुलगा नोकरीसाठी परदेशी राहत असेल तर परकीय चलन कायदा, म्हणजे फेमा, आडवा येतो. अनिवासी भारतीयाला इथे घर, फ्लॅट, दुकान घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. डोळखांबकडचे ‘फार्महाऊस प्लॉट’ बहुतेक शेतजमिनीचेच असतात आणि त्यांच्या जाहिराती आखाती देशांतल्या फोनवर जातात, यातली विसंगती कोणी विक्रेता आपणहून सांगणार नाही. ‘भावाच्या नावावर घ्या, नंतर पाहू’ असे सांगतो. भाऊ भला असेल. पण कागदावर मालक तोच, आणि त्याच्यामागे त्याचे वारस.

सातबाऱ्यावर नजर कुठे ठेवायची? लोक भोगवटादाराचे नाव वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. खरी माहिती ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. तिथे कुळाचे नाव आहे का, ‘कलम ४३ च्या निर्बंधास पात्र’ असे लिहिले आहे का, ‘३६अ’ आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, ‘राखीव वने’ किंवा ‘खाजगी वन’ अशी नोंद आहे का, हे वाचावे. ठाणे जिल्ह्यात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदींनी अनेकांची झोप उडवलेली आहे. भोगवटादार वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. ‘वक्फ’ हा शब्द दिसला तर तो आपलाच शब्द आहे म्हणून सवलत मिळत नाही. वक्फची जमीन विकता येत नाही, आणि ती विकत घेणारा मुसलमान असला तरी व्यवहार रद्दच. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या मिळतो, डिजिटल सहीचाही मिळतो. फेरफार मागे मागे जाऊन काढावेत. वीस हिस्सेदारांच्या सातबाऱ्यावर तीन भावांच्या सह्या घेऊन प्लॉट विकल्याची उदाहरणे या पट्ट्यात कमी नाहीत, आणि त्यात बहिणींची नावे बहुधा गाळलेली असतात. शरीअतने दिलेला आणि कायद्यानेही दिलेला तिचा हिस्सा ज्या दस्तात डावलला आहे, ती जमीन आपण का घ्यावी?

एक शब्द ग्रामपंचायतीबद्दल. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे गावठाणाबाहेर इमारत उठवण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी नगररचना विभागाच्या अभिप्रायासह मंजूर नकाशा लागतो. ‘इथे सगळे असेच चालते’ हे वाक्य ऐकू आले की तिथून उठावे.

आणि मुरबाड-शहापूर भागात काळू आणि शाई या नद्यांवर धरणांचे प्रस्ताव बरीच वर्षे आहेत. गावकऱ्यांचा विरोधही तितकाच जुना आहे. नदीकाठचा ‘रिव्हर व्ह्यू’ प्लॉट घेताना तो गट प्रस्तावित बुडीत क्षेत्रात आहे का, हे पाटबंधारे खात्याकडे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कागद झाले. आता जागा.

एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून आम्हाला विनंती केली की डोळखांबच्या पुढे एक जागा पाहून या. त्याच्याकडे व्हिडिओ होता : भाताची हिरवी खाचरे, मागे सह्याद्रीची भिंत, आजोबा डोंगरावर उतरलेले ढग, प्लॉटच्या कडेने खळाळणारा ओहोळ. व्हिडिओ श्रावणातला होता. आम्ही मुद्दाम मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. ओहोळाच्या जागी तापलेले दगड होते. ‘चोवीस तास पाणी’ म्हणून दाखवलेल्या बोअरचा हातपंप दहा-बारा वेळा दाबल्यावर हवा बाहेर आली. वाटेवर डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या एक बाई भेटल्या. आम्ही विचारले, “मावशी, इथं पाणी कुठून आणता?” त्या थांबल्या, हंडे सावरले. “टँकर आला तर टँकरचं. नाय तर खालच्या वाडीतनं. सर, तुम्ही जागा बघाया आलाव काय? बघणारे समदे पावसात येतात.”

दलालाच्या तासाभराच्या बोलण्यात जे नव्हते ते त्या एका वाक्यात होते.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण शहापूरकर स्वतःबद्दलच सांगतात. १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडकसागर, २०१४ चे मध्य वैतरणा आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा उचलणारे भातसा, हे सगळे याच परिसरातले. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातले पाडे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात. नाशिककडच्या भावली धरणातून पाणी आणण्याच्या योजनेचा उल्लेखही विक्रेते करतात. योजनेची बातमी आणि नळाला आलेले पाणी यांच्यातले अंतर इकडच्या माणसाला विचारा. जागा घ्यायची तर ती तीनदा पाहावी, किंवा पाहून घ्यावी : मेमध्ये पाण्यासाठी, जुलैत रस्त्यासाठी, आणि एकदा कुठल्याही ऋतूत रात्री. जुलैत फरशीवरून पाणी जाऊ लागले की पलीकडच्या पाड्याचा संपर्क तुटतो, आणि तेव्हाच बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचा असतो. रात्री गेल्यावर कळते की दिवे किती वेळ असतात, फोनला रेंज आहे का, आणि दूर शेतात बिबट्याच्या भीतीने लोक जागे असतात का.

भावाची गोष्ट थोडक्यात. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, गावागावाचा संकेतस्थळावर असतो. तो बाजारभाव नव्हे, पण मागितलेली किंमत त्याच्या पाचपट असेल तर कारण विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्याहून उपयोगाचा कागद म्हणजे सूची क्रमांक दोन. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट क्रमांक टाकला की आजूबाजूचे गट किती रुपयांना विकले गेले ते दिसते. त्याच विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वी ती जमीन काय भावाने घेतली तेही दिसते. समृद्धी महामार्गाबद्दलही तेच. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मोठी गोष्ट आहे. पण या रस्त्यावर मन मानेल तिथून चढता येत नाही. ठरावीक ठिकाणीच वर जायची सोय आहे. डोंगराकडेला उभे राहून महामार्ग दिसतो म्हणून जागा महामार्गाला लागून होत नाही. ‘दहा मिनिटे’ कोणी मोजली, कुठून मोजली, हे विचारावे. किंवा शहापूर एस.टी. स्थानकावरून डोळखांबची बस पकडावी आणि घड्याळ पाहावे. आसनगावपर्यंत लोकल, तिथून शहापूर, तिथून आत, हा प्रवास वृद्ध आई-वडिलांना घेऊन कसा होईल, ते त्या बसमध्ये बसल्यावर आपोआप कळते. मुले मोठी झाल्यावर ही जागा विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कोण असेल, याचाही अंदाज तिथेच येतो. फक्त एकाच जमातीला विकण्याच्या हेतूने पाडलेला प्लॉट पुढे फक्त तिथेच खपतो, आणि म्हणून स्वस्तात खपतो.

सुरक्षितता मोजण्याचे आमचे एक साधे तंत्र आहे, ते भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. घर पाहायला पुरुषांनी एकट्याने जाऊ नये. पुरुष फाटक, पार्किंग आणि टाकी पाहतो. बाई किराणा दुकानात उभी राहते, शेजारणीला विचारते की मुलगी क्लासवरून किती वाजता परत येते आणि कोणी आणायला जावे लागते का. दवाखान्यात बाईडॉक्टर कोणत्या वारी असते, शाळेची रिक्षा कुठपर्यंत येते, कचरा कोण उचलतो, मय्यत झाली तर कब्रस्तान कुठे आणि तिथे बाहेरगावच्यांना दफन करू देतात का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि वेळ आल्यावर सगळ्यांना आठवतो. मशिदीसाठी ‘राखीव’ म्हणून नकाशावर रंगवलेली जागा मंजूर नकाशातही आहे का, तेही पाहावे. पुष्कळदा ती केवळ जाहिरातीच्या नकाशात असते. आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांशी, ठाकर-कुणब्यांशी, जमिनीच्या या कॉलनीचे संबंध कसे आहेत? रस्त्यावरून वाद आहे का, गावाची वाट बंद केली आहे का, विहिरीवर हक्क कोणाचा? चौफेर भिंत घालून आत फक्त ‘आपले’ राहणार असतील तर आग लागली, पूर आला तर धावून येणारा भिंतीबाहेरचाच असणार. अरबांत म्हण आहे की घराआधी शेजारी पाहावा. त्यात शेजाऱ्याच्या धर्माचा उल्लेख नाही.

पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबरी अहवाल पाहता येतात, पण त्यांच्या संख्येवर फार विसंबू नये. जिथून ठाणे दूर आहे तिथे नोंदी कमी असतात, गुन्हे कमी असतातच असे नाही.

परदेशातून येणे शक्यच नसेल तर कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे? ज्याला या सौद्यात एक पैसाही मिळणार नाही अशाच्या. नात्यातला माणूस असला तरी त्याला दलाली मिळणार असेल तर तो आता नातेवाईक नाही, दलाल आहे. त्यात वाईट काही नाही, पण ते आधी सांगितलेले असावे. फिक्हमध्ये खरेदीच्या वकिलाचे पाहणे मालकाचे पाहणे धरले जाते, म्हणून वकील करताना माणूस पारखून करावा.

कागदोपत्री वकील म्हणजे कुलमुखत्यार. ते पत्र कधीही ‘सर्वसाधारण’ देऊ नये. एका गट क्रमांकापुरते, एका व्यवहारापुरते, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतचे आणि ठरावीक मुदतीचे द्यावे. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात लिहू नये. परदेशात असाल तर ते भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. उलट बाजूने, विकणारा जर स्वतः मालक नसून कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल तर मूळ मालकाशी व्हिडिओवर तरी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. पैसे नेहमी आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून बँकेमार्फत, मालकाच्याच खात्यावर. हवाला नको, ‘निम्मे रोख’ नको. रोख दिलेली रक्कम दस्तात येत नाही आणि पुढे भांडण झाले तर ती दिलीच नव्हती असे ठरते. उधारीचा आणि मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम सूरह बकरामध्ये ज्या तपशिलाने आला आहे तेवढ्या तपशिलाने फार थोडे हुकूम आले आहेत. ‘भाऊ, आपल्यात लिहायचं काय’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट अदबीने सांगता येते.

तयार घर किंवा फ्लॅट घेणार असाल आणि दस्त घरातल्या स्त्रीच्या नावावर केला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मोकळ्या प्लॉटला ती नाही. सवलतीसाठी नाव टाकायचे आणि ताबा मात्र दुसऱ्याकडे ठेवायचा, असे करू नये. मेहरचा हिशेब राहिलेला असेल तर त्यावर पती-पत्नींनी आधीच बोलून घ्यावे आणि तेही लिहून ठेवावे.

त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही सातबाऱ्याची प्रत, मेमधल्या ओहोळाचे फोटो आणि मावशींचे वाक्य पाठवले. त्याने तो सौदा सोडला. बुकिंगचे पंचवीस हजार विक्रेत्याने अजून परत केलेले नाहीत. पावतीवर ‘ना परतावा’ असे बारीक अक्षरात छापलेले आहे, आणि तो आता ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारी करतो आहे. शहापूर शहरात, बाजारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भोगवटा प्रमाणपत्र असलेला एक जुना फ्लॅट त्याच्या अम्मी आणि बहिणीने मागच्या महिन्यात दोनदा पाहिला. एकदा दुपारी आणि एकदा इशाच्या नमाजनंतर.